शेतावरच्या नियंत्रकाचा लाल दिवा

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे यंत्राच्या आत बसणाऱ्या एका चिपमधील छोट्या संगणकावर, चालणाऱ्या प्रोग्रॅमला पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. आत काय चालले आहे हे बाहेर कळवायला त्याच्यापाशी बहुतेक वेळा एखादी मोकळी पिन आणि तिला जोडलेला एक एलईडी एवढेच असते. त्या एका दिव्याकडून किती माहिती काढून घेता येते, याचा अनुभव मला निफाड तालुक्यातील मामांच्या द्राक्षबागेत आला. तो सविस्तर लिहून ठेवावासा वाटतो, कारण एलईडी लुकलुकवणे हा या विषयातील पहिला धडा असतो आणि बहुतेक जण तो करून पुढे निघून जातात. पुढे जाऊन त्याच धड्याकडे परत यावे लागते, हे सहसा कोणी सांगत नाही.

मामांच्या विहिरीवर साडेसात अश्वशक्तीची थ्री फेज मोटर आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीने मिळते, एखाद्या आठवड्यात दिवसा तर एखाद्या आठवड्यात रात्री, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात हातात बॅटरी घेऊन विहिरीवर जाणे त्यांना साठीनंतर जड जाऊ लागले होते. मोबाइलवरून चालणारे स्टार्टर बाजारात मिळतात. परंतु तिन्ही फेज आहेत का, मोटर कोरडी तर चालत नाही ना, आणि ती बंद पडली तर नेमकी कशामुळे, हे सगळे एसएमएसने कळवणारा नियंत्रक आपणच बनवावा, असे माझ्या मनात होते. त्यासाठी आर्डुइनो उनो या शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या बोर्डावर असते तीच एटीमेगा३२८पी ही चिप, चिपला ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कशी बोलणारे जीएसएम मॉड्यूल, फेज आहे का हे मोठ्या व्होल्टेजपासून चिपला अलग ठेवून कळवणारा एक ऑप्टोकपलर प्रत्येक फेजसाठी, करंट मोजण्यासाठी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालू-बंद करणारा एक रिले, असे सगळे मी एका जनरल पर्पज पीसीबीवर सोल्डर करून घेतले.

घरच्या टेबलावर हे यंत्र बिनतक्रार चालत होते. विहिरीवर बसवल्यावर मात्र मोटर चालता चालता मध्येच बंद होऊ लागली. काही वेळा एसएमएसला उत्तरच यायचे नाही, आणि पुरवठा बंद करून पुन्हा चालू केला की काहीच घडले नसल्यासारखे यंत्र कामाला लागायचे.

अशा वेळी पहिला विचार सिरियल पोर्टचा, म्हणजे चिपमधून लॅपटॉपकडे एकेक अक्षर पाठवणाऱ्या जोडणीचा, येतो. प्रोग्रॅममध्ये जागोजागी मजकूर छापायचा आणि लॅपटॉपवर तो वाचायचा, ही सर्वांच्या सवयीची पद्धत आहे आणि टेबलावर ती उत्तम चालते. शेतावर तिच्या मर्यादा एकेक करून समोर आल्या. प्रोग्रॅम भरणे सोपे व्हावे म्हणून यूएसबी-सिरियल अडॉप्टरची डीटीआर ही संकेताची तार एका लहान कपॅसिटरमधून चिपच्या रीसेट पिनला जोडलेली असते, त्यामुळे लॅपटॉपवर पोर्ट उघडताक्षणी चिप रीसेट होते; म्हणजे अडकलेले यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायला जावे, तर पाहण्याआधीच ती अवस्था पुसली जाते. ही तार काढून टाकता येते. दुसरी अडचण मात्र तशी सुटणारी नव्हती. या चिपमध्ये सिरियल संवादाचे हार्डवेअर एकच आहे आणि ते जीएसएम मॉड्यूलला दिलेले होते. निरीक्षणाचा मजकूर दुसऱ्या पिनवरून सॉफ्टवेअर सिरियलने पाठवायचा, तर ती लायब्ररी प्रत्येक अक्षर पाठवताना इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून तातडीचे काम करून घेण्याची चिपची सोय, बंद ठेवते. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने एका अक्षराला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. ५० हर्ट्झच्या तीन फेजच्या स्पंदांमध्ये ६.६७ मिलिसेकंदांचे अंतर असते आणि ते अंतर मोजूनच फेजचा क्रम ठरवायचा असतो; तिथे मिलिसेकंदाची चूक सहन होत नाही. थोडक्यात, पाहण्यासाठी जे घालावे त्यानेच पाहण्याची गोष्ट बदलत होती. शिवाय यूएसबीमधून मिळणारा ५ व्होल्टचा स्वच्छ पुरवठा बोर्डाला आधार देत होता, आणि लॅपटॉप जोडलेला असताना बिघाड होतच नाही असे मला दिसू लागले. आणि यातले काहीही जमले असते, तरी रात्री विहिरीवर लॅपटॉप घेऊन कोण बसणार?

मार्ग दाखवला तो जीएसएम मॉड्यूलवरच्या इवल्याशा दिव्याने. नेटवर्क शोधत असताना हा दिवा ६४ मिलिसेकंद लागतो आणि ८०० मिलिसेकंद विझतो. नेटवर्क मिळाले की विझण्याचा काळ ३००० मिलिसेकंद होतो. मामांना यातले काहीच मी सांगितले नव्हते, तरी "दिवा भरभर लागत असला की फोन लागत नाही, सावकाश लागायला लागला की लागतो," हे त्यांनी स्वतःच हेरले होते. मॉड्यूलच्या आतला प्रोग्रॅम कोणालाही दिसत नाही, तरी त्याची स्थिती दहा फुटांवरून ओळखता येते. माझ्या प्रोग्रॅमबद्दल मात्र असे काहीच सांगता येत नव्हते, कारण मी लावलेला दिवा फक्त पुरवठा आहे एवढेच सांगत होता.

सुरुवात प्रोग्रॅम जिवंत असल्याच्या खुणेपासून केली. शिकताना आपण एलईडी लावतो, एक सेकंद थांबतो, विझवतो, पुन्हा थांबतो. त्या थांबण्याच्या काळात चिप दुसरे काहीच करत नाही, म्हणून खऱ्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये ही रीत चालत नाही. त्याऐवजी मुख्य लूपच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या सतत चालणाऱ्या आवर्तनाच्या, प्रत्येक फेरीत घड्याळ पाहायचे, आणि मागच्या बदलाला अर्धा सेकंद होऊन गेला असेल तरच दिव्याची स्थिती बदलायची. अनेक जण याहून सोपा मार्ग घेतात आणि टायमरच्या इंटरप्टमधून दिवा लुकलुकवतात. लुकलुक अगदी घड्याळासारखी नेमकी होते, म्हणून ती विश्वासार्हही वाटते. मी मुद्दाम एक प्रयोग करून पाहिला. दिवा टायमरच्या इंटरप्टमधून चालवला आणि मुख्य लूप थोड्या वेळाने कधीही न संपणाऱ्या आवर्तनात अडकेल अशी व्यवस्था केली. मुख्य प्रोग्रॅम कायमचा थांबला होता, एसएमएस घेतले जात नव्हते, करंट मोजला जात नव्हता, आणि दिवा मात्र पूर्वीच्याच लयीत लुकलुकत होता. क्रिस्टल आणि टायमर चालू आहेत यापलीकडे तो काहीही सांगत नव्हता. लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो कसा दिसतो हा नसून तो कोण चालवतो हा आहे, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

मुख्य लूपमधून दिवा चालवणे हेही माझ्या कामाला अपुरे होते, कारण लूप फिरत असूनही त्यातले एखादे काम कायमचे वगळले जात असेल, असे होऊ शकते. म्हणून फेज तपासणी, करंट मोजणी, जीएसएमशी संवाद आणि रिलेचे नियंत्रण या प्रत्येक कामाला एका बाइटमधील एकेक बिट, म्हणजे लावता-पुसता येणारी एक खूण, दिला. काम पूर्ण झाले की त्याने आपला बिट लावायचा, आणि चारही बिट लागलेले दिसल्यावरच हिरव्या दिव्याची स्थिती बदलून बाइट पुन्हा कोरा करायचा. मजुरांच्या हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय मुकादम पुढचे काम सांगत नाही, तशीच ही व्यवस्था होती. वॉचडॉग टायमर, म्हणजे मुदतीत प्रोग्रॅमकडून खूण आली नाही तर चिप रीसेट करणारे घड्याळ, यालाही हीच अट लावली. या चिपमधील वॉचडॉगची मुदत जास्तीत जास्त ८ सेकंद ठेवता येते. तेवढ्या वेळात चारही कामांची हजेरी लागली नाही, तर चिप स्वतःला रीसेट करते. वॉचडॉगला मुदतवाढ देणारी सूचना टायमरच्या इंटरप्टमध्ये लिहिलेली मी काही तयार प्रोग्रॅममध्ये पाहिली आहे. ती तिथे लिहिणे म्हणजे वॉचडॉग नसल्यासारखेच आहे.

अशा रीतीने जोडलेला दिवा केवळ आहे किंवा नाही एवढेच सांगत नाही, हे टेबलावर लगेच दिसू लागले. अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या लयीत चाललेला हिरवा दिवा मधूनच एखादा ठोका लांबवायचा, साधारण सेकंदभर पेटलेलाच राहायचा आणि मग पुन्हा लय धरायचा. आपल्या डोळ्यांना सेकंदाचा दहावा भाग अचूक मोजता येत नाही, परंतु चाललेली लय अडखळली तर ते लगेच लक्षात येते. ठोका लांबतो तो जीएसएम मॉड्यूलला आज्ञा पाठवल्यावरच, हे बाजूला बसून पाहताना कळले, आणि त्या अडखळण्याचा पुढे फार उपयोग झाला. लिनक्समध्ये एलईडीसाठी हार्टबीट नावाची सोय आहे; तिच्यात दिवा हृदयासारखे दुहेरी ठोके देतो आणि यंत्रावरचा भार वाढला की ठोके जलद होतात. ती सोय लिहिणाऱ्यांनी माणसाच्या नजरेचा हाच गुण ओळखला असावा, असे वाटते.

हिरवा दिवा जिवंतपणा सांगू लागला. बिघाडाचे कारण सांगायला लाल दिवा ठेवला. त्याची सांकेतिक भाषा ठरवताना मी वाचणाऱ्याचा विचार आधी केला. फार जलद लुकलुक मोजता येत नाही आणि फार सावकाश असेल तर माणसाचे लक्ष उडते. पाव सेकंद पेटणे आणि पाव सेकंद विझणे हा वेग तोंडाने एक, दोन, तीन म्हणत मोजायला सोयीचा पडतो. पाचापेक्षा जास्त वेळा लुकलुक झाली की दोन माणसे दोन आकडे सांगतात, म्हणून संकेत पाचांच्या आतच बसवले. आकडा कोठून सुरू होतो हे कळावे म्हणून आधी एक सेकंदाचा लांब प्रकाश, मग मोजायच्या लुकलुकी, मग दोन सेकंदांचा अंधार, आणि हे सर्व पुन्हा पुन्हा. लाल आणि हिरवा यांतला फरक काही पुरुषांना नीट दिसत नाही, म्हणून दोन्ही दिवे पेटीच्या झाकणावर एकमेकांपासून दूर बसवले आणि लाल दिवा नेहमी डावीकडे ठेवला. दुपारच्या उन्हात साधा एलईडी पेटला आहे की नाही हे कळत नाही. जास्त प्रकाशाचे एलईडी घेऊन ४७० ओहमचा रेझिस्टर लावला, तेव्हा सुमारे ६ मिलिअँपिअर करंटमध्ये ते भर उन्हातही दिसू लागले. पिनवर ४० मिलिअँपिअर ही चिपची कमाल सहनमर्यादा आहे आणि २० च्या आत राहणे शहाणपणाचे असते, त्यामुळे इथे भरपूर सवड होती.

आता लाल दिव्याने सांगायचे काय, हा प्रश्न उरला. मोटर बंद होते याचा अर्थ रिले सुटतो, आणि चिप रीसेट झाली की तिच्या सगळ्या पिना इनपुट होतात व रिले आपोआप सुटतो. म्हणून चिप रीसेट होत असावी, असा तर्क करता येत होता. परंतु रीसेट कशामुळे? एटीमेगा३२८पीमध्ये एमसीयूएसआर नावाचे एक रजिस्टर, म्हणजे नोंदीची छोटीशी जागा, आहे आणि शेवटच्या रीसेटचे कारण त्यात नोंदलेले असते: वीज नव्याने आली, रीसेटच्या पिनचे व्होल्टेज बाहेरून खाली ओढले गेले, पुरवठ्याचे व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले, किंवा वॉचडॉगची मुदत संपली. चार कारणांचे चार बिट. ही माहिती चिप प्रत्येक वेळी तयार ठेवते आणि बहुतेक प्रोग्रॅम ती वाचतही नाहीत, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

ती वाचण्यात दोन बारकावे आहेत. आर्डुइनोचा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम चिपमध्ये भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम, आपल्या प्रोग्रॅमच्या आधी चालतो आणि हे रजिस्टर पुसून टाकतो, त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमला तिथे काहीच सापडत नाही. मी बूटलोडर काढूनच टाकला आणि आयएसपी प्रोग्रॅमर या उपकरणाने प्रोग्रॅम थेट चिपमध्ये भरला. दुसरा बारकावा असा की वीज नव्याने येताना व्होल्टेज शून्यातून वर चढते, त्यामुळे वीज आल्याच्या बिटासोबत व्होल्टेज पडल्याचा बिटही लागलेला असू शकतो; म्हणून वीज आल्याचा बिट आधी तपासायचा आणि तो नसेल तरच बाकीचे पाहायचे. वाचून झाल्यावर रजिस्टर कोरे करणे आवश्यक असते, नाहीतर जुनी कारणे साठत जातात. एक लुकलुक म्हणजे वीज आली, दोन म्हणजे बाहेरून रीसेट, तीन म्हणजे व्होल्टेज पडले, चार म्हणजे प्रोग्रॅम अडकला, असे ठरवले. पाचवा संकेत चारही बिट कोरे असताना द्यायचा. खरा रीसेट झालेला नसताना प्रोग्रॅम पहिल्या सूचनेवर परत आला, तरच असे घडते. उदाहरणार्थ, ज्याच्यासाठी फंक्शन लिहिलेलेच नाही असा इंटरप्ट चालू राहिला, तर प्रोग्रॅम गुपचूप सुरुवातीला उडी मारतो. हे संकेत मराठीत छापून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आणि मामांना दाखवले.

त्यानंतर बिघाड झाला तेव्हा मामांचा फोन आला. "लाल दिवा एकदा लांब लागतो, मग तीनदा झटझट, मग थांबतो. अन् पुन्हा तेच." मी म्हटले, "मामा, वीज घालवू नका, आधी व्हिडिओ काढून पाठवा." साध्या फोनचा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांना एक, आणि पाव सेकंदाची लुकलुक त्यात सात-आठ चित्रांवर उमटते, चूक व्हायला जागा राहत नाही. व्हिडिओतही आकडा तीनच निघाला. पुढच्या काही बिघाडांत कधी तीन तर कधी चार असे उत्तर येत राहिले. दोन वेगळे आजार आहेत की एकाच आजाराची दोन लक्षणे, हे त्यावरून ठरत नव्हते.

त्याचा उलगडा चिपच्या माहितीपत्रकातील एका आलेखावरून झाला. ही चिप २.७ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झपर्यंत आणि ४.५ व्होल्टवर २० मेगाहर्ट्झपर्यंत चालण्याची हमी आहे, आणि मधला भाग सरळ रेषेने जोडलेला आहे. त्यानुसार १६ मेगाहर्ट्झला सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. आर्डुइनोच्या नेहमीच्या फ्यूज सेटिंगमध्ये (फ्यूज म्हणजे इथे चिपच्या आत कायम राहणारी निवड) मात्र व्होल्टेज पडल्याचा रीसेट २.७ व्होल्टला होतो. म्हणजे ३.८ ते २.७ यांच्या दरम्यान एक पट्टा असा आहे की व्होल्टेज तिथपर्यंत उतरले तर चिप रीसेटही होत नाही आणि नीट चालण्याची हमीही राहत नाही. ती भरकटते आणि वॉचडॉग तिला परत आणतो. मी फ्यूज बदलून ही पातळी ४.३ व्होल्ट केली. त्यानंतर चारचे संकेत जवळजवळ बंद झाले आणि त्यांच्या जागी तीन येऊ लागले. पुरवठा हाच मुख्य दोष होता, हे एका दिव्याने नक्की केले.

पुरवठा का पडतो याचे उत्तर जीएसएमच्या स्वभावात आहे. हे मॉड्यूल सतत प्रक्षेपण करत नाही, ४.६१५ मिलिसेकंदांच्या प्रत्येक चौकटीत त्याच्या वाट्याला ५७७ मायक्रोसेकंदांचा एक खंड येतो आणि त्या खंडात ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. टॉवर जवळ असेल तर नेटवर्क त्याला कमी शक्तीने बोलायला सांगते, लांब असेल तर पूर्ण शक्तीने. घरी रेंज चांगली असल्याने झटके लहान होते. विहिरीवर रेंज जेमतेम असल्याने प्रत्येक उत्तर पाठवताना पूर्ण झटका बसायचा, आणि चिप व मॉड्यूल एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर असल्याने तो चिपपर्यंत पोहोचायचा. मॉड्यूलला स्वतंत्र रेग्युलेटर दिला, त्याच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि तारा जाड व आखूड केल्या. तीनचा संकेत थांबला.

चारचा संकेत मात्र क्वचित का होईना, येत राहिला, आणि आता त्याला व्होल्टेजचे निमित्त उरले नव्हते. प्रोग्रॅम खरोखर अडकत होता, पण कोठे? वॉचडॉगच्या रीसेटमध्ये रॅममधील मजकूर पुसला जात नाही. तो पुसते ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीला चालणारे तयारीचे काम. एखादे चल (व्हेरिएबल) नोइनिट या विभागात ठेवले, तर ते काम त्याला हात लावत नाही. अशा एका चलात प्रत्येक कामाच्या सुरुवातीला त्या कामाचा क्रमांक लिहायला लावले आणि रीसेटनंतर चारच्या लुकलुकींपाठोपाठ, थोड्या विश्रांतीनंतर, तो क्रमांकही लाल दिव्याने सांगावा अशी सोय केली. पुढच्या वेळी मामांनी पाठवलेल्या व्हिडिओत चार आणि तीन असे आकडे होते. तिसरे काम म्हणजे जीएसएमशी संवाद. हिरव्या दिव्याचा अडखळणारा ठोका टेबलावर याच जागेकडे बोट दाखवत होता. वापरलेल्या तयार लायब्ररीतील एक फंक्शन मॉड्यूलचे उत्तर येईपर्यंत तिथेच थांबून राहत होते, आणि एसएमएस गेल्याची पावती यायला मॉड्यूलच्या कागदपत्रांनुसार ६० सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. वॉचडॉगच्या ८ सेकंदांत ते बसणे शक्यच नव्हते. ते फंक्शन बाजूला ठेवून मी संवाद लहान लहान टप्प्यांत विभागला: आज्ञा पाठवायची, लूपला पुढे जाऊ द्यायचे, प्रत्येक फेरीत उत्तर आले का हे पाहायचे आणि मुदत संपली तर मॉड्यूल नव्याने सुरू करायचे. हिरव्या दिव्याचा ठोका त्यानंतर एकसारखा पडू लागला.

याच काळात टेबलावर दिव्याच्या पिनांचा आणखी एक उपयोग केला. डोळ्यांना न दिसणारी लुकलुक लॉजिक अ‍ॅनालायझरला, म्हणजे पिनांवरचे जलद बदल नोंदवणाऱ्या उपकरणाला, दिसते. फेज मोजणारा इंटरप्ट सुरू होताना एक मोकळी पिन वर आणि संपताना खाली केली की त्या इंटरप्टला किती वेळ लागतो, हे स्पंदाच्या रुंदीवरून थेट वाचता येते. त्यासाठी आर्डुइनोचे नेहमीचे फंक्शन वापरू नये, कारण पिन बदलायला ते काही मायक्रोसेकंद घेते; पोर्टच्या रजिस्टरमधील बिट थेट बदलला तर १६ मेगाहर्ट्झला १२५ नॅनोसेकंदांत काम होते आणि मोजणीने वेळापत्रक बिघडत नाही. अ‍ॅनालायझर नसेल तर काम चालू असताना एलईडी पेटता आणि रिकाम्या वेळात विझता ठेवावा. चिपवर भार किती आहे हे मग त्याच्या तेजावरून ढोबळमानाने कळते.

दुसऱ्या बोर्डांवर हेच करताना त्यांच्या दिव्यांचे स्वभाव वेगळे असतात. एसटीएम३२ चिपच्या ब्लू पिल या बोर्डावर एलईडी पीसी१३ या पिनवर उलटा जोडलेला आहे, म्हणजे पिन खाली केल्यावर तो पेटतो, आणि त्या पिनची क्षमता केवळ ३ मिलिअँपिअर आहे. रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू या बोर्डावर एलईडी मुख्य चिपला नव्हे, वायरलेस चिपला जोडलेला आहे. प्रोग्रॅम कोसळल्यावर शेवटचा संकेत द्यायला तो भरवशाचा नाही. तिथे वेगळा एलईडी लावावा.

बिघाडाचा संकेत देणाऱ्या फंक्शनबद्दल एक गोष्ट मी फार जपतो. त्यात पहिली सूचना रिले सोडण्याची असली पाहिजे, दिव्याची नंतर. आणि त्यातली लुकलुक इंटरप्टवर किंवा नेहमीच्या विलंबाच्या फंक्शनवर अवलंबून नसावी, कारण इंटरप्ट बंद असताना आर्डुइनोचे घड्याळ पुढे सरकत नाही आणि विलंब कधी संपतच नाही. चिपचे आवर्तन मोजून वेळ काढणारा साधा लूप तिथे योग्य असतो.

दोन लुकलुकींचा संकेत मी केवळ यादी पूर्ण व्हावी म्हणून ठेवला होता. बंद पेटीत रीसेटचे बटन कोण दाबणार, असे वाटत होते. बाकीचे सगळे शांत झाल्यावर नेमका तोच दिसला, आणि मामांनी सांगितलेली वेळ प्रत्येक वेळी मोटर बंद करण्याच्या क्षणाची निघाली. रीसेटच्या बटनाची तार पेटीच्या झाकणापर्यंत कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेला लागूनच गेली होती. कॉइलचा पुरवठा तुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका त्या तारेत शिरत होता, आणि चिपच्या आतला ३० ते ६० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिनचे व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर, तो थोपवायला पुरेसा नव्हता. झाकणावरचे बटन आणि त्याची तार काढून टाकली, चिपशेजारी १० किलोओहमचा पुल-अप आणि रीसेट पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, आणि कॉइलवर तिच्या व्होल्टेजला साजेशा दर्जाचा, झटका शोषून घेणारा आरसी स्नबर बसवला. त्यानंतर मोटर वारंवार चालू-बंद करून पाहिली. हिरवा दिवा एकदाही अडखळला नाही आणि लाल दिवा सकाळी वीज आल्यापासून एकच लुकलुक दाखवत राहिला.